कड्याकडे पाठ

“गाडी तुम्ही चालवता?”

गॅरेजमध्ये एका जुन्या टायरवर बसून मी दादाच्या गाडीचं काम संपायची वाट बघत होते. कुबडी मांडीवर आडवी. विचारणाऱ्या मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत काळे, नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा ठिपका. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“मला विचारताय? माझा उजवा पाय कामातून गेलाय. दिसत नाही का?”

“दिसतोय की. हातही दिसतायत. म्हणून तर विचारलं.”

दहा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकल घसरली, तेव्हा चालवत होता दादा. त्याला खरचटलं, माझा पाय गेला. तेव्हापासून तो मला जपतोय. मी कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. सकाळी नऊला तो सोडतो, सहाला न्यायला येतो. मैत्रिणीकडे जायचंय? दादा सोडेल. नुसतंच भटकायचंय? कशाला! तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणजे काय, ते कधी फोडाला विचारावं.

मिस्त्रीनं खडूनं जमिनीवर चित्र काढलं. स्टीअरिंगखाली एक दांडी. पुढे ढकलली की ब्रेक, स्वतःकडे ओढली की वेग. “पायाचं कामच नाही,” तो म्हणाला आणि असा हसला, की मला नाकावरचा ठिपका पुसावासा वाटला… पुसला नाही अर्थात.

एक जुनी, गिअर बदलावे न लागणारी गाडी मी घेतली. त्यानं दांडी बसवली, दोनदा काढून पुन्हा बसवली. चार महिने जेवणाच्या सुट्टीत, एका बंद कारखान्याच्या आवारात, मी शिकत होते.

“खरं सांगा,” एकदा मी विचारलं, “तुम्हाला दया येते ना?”

“येते ना,” तो गंभीरपणे म्हणाला. “ब्रेकची.”

मी इतकी हसले, की गाडी थांबवावी लागली.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी गाडी घरी नेली आणि सगळं सांगितलं. दादानं हात पुढे केला. “किल्ली दे.”

“नाही देणार.”

“त्या मिस्त्रीनं डोक्यात भरवलंय तुझ्या!”

“डोक्यात आधीपासून होतं दादा. त्यानं फक्त गाडीत बसवलं.”

तो जरा नरमला. “बरं, दोन गल्ल्या चालव. मी शेजारी बसेन.”

दोन गल्ल्या! माझं डोकंच फिरलं. “उद्या कड्यांच्या रस्त्यानं जाणार आहे. पार टोकापर्यंत.”

त्या रस्त्याचं नाव काढलं की भलेभले ड्रायव्हर मान हलवायचे. आई रडायला लागली. वहिनी उठून आत गेली. सकाळी गाडीजवळ गेले, तर पाण्याची भरलेली बाटली सीटवर ठेवलेली होती.

मिस्त्री वाटेत चढला. “चढावर दांडीची चाचणी घ्यायचीय.”

“तेवढ्यासाठीच आलात?”

“तेवढ्यासाठीच,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. कान मात्र लालभडक झाले होते.

आणि मग तो रस्ता! एका बाजूला काळा खडक, दुसऱ्या बाजूला – काहीच नाही. खूप खाली समुद्र फेसाळत होता. वाऱ्यानं माझे केस त्याच्या तोंडावर जात होते. तो ते बाजूला करत नव्हता. मीही आवरत नव्हते…

एका वळणावर समोर ट्रक आला. लांबलचक, दगडांनी भरलेला. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरला, कुबडी पाहिली, आणि माझ्याशी न बोलता पलीकडे वाकून म्हणाला, “साहेब, तुम्ही बसा स्टीअरिंगवर. बाईंचं काम नाही हे.”

“गाडी त्यांची आहे,” मिस्त्री म्हणाला. “त्यांना विचारा.”

रुंद जागा मागे होती, साठ-सत्तर पावलांवर. “मी घेते मागे,” मी म्हणाले.

मिस्त्री उतरला, गाडीच्या मागे गेला आणि समुद्राकडच्या कडेला, कड्याकडे पाठ करून उभा राहिला.

“बाजूला व्हा!” मी ओरडले. “वेड लागलंय का?”

“आरशात दिसतोय ना मी? माझ्यामागे एक पाऊल जमीन आहे. मला धडकू नका, बस्स.”

“माझा हात चुकला तर?”

“चार महिने बघतोय तो हात,” तो म्हणाला. “या.”

मी रिव्हर्स टाकला, दांडी ओढली. केसभर. गाडी मागे सरकायला लागली, आणि तोही कडेकडेनं पाऊल पाऊल आडवा सरकत, नजर आरशातल्या माझ्या डोळ्यांवर. चाकाखालून एक दगड निसटला. तो खाली पोचल्याचा आवाजच आला नाही. मी थांबले. श्वास घेतला. पुन्हा ओढली…

ट्रक निघून गेला. ड्रायव्हरनं जाताना सलाम केला. मला. मिस्त्री येऊन शेजारी बसला आणि वहिनीची बाटली एका दमात अर्धी प्यायला.

“घाबरला होतात?”

“भयंकर.”

“मग उभे का राहिलात?”

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, “तुम्हाला सगळे… सांभाळायलाच येतात. मला वाटलं, एकदा कोणीतरी तुमच्यावर विसंबून बघावं.”

दुपारी आम्ही टोकाला पोचलो. पुढे नुसतं पाणी. मी विचारलं, “चाचणी झाली?”

“झाली.”

“मग परत जायला बस आहे इथून.”

“आहे,” तो म्हणाला. “पण मला… बस नको. तुमच्या शेजारची जागा हवीय. उद्याही. नंतरही. द्याल?”

मी पदराच्या टोकानं– छे, ओढणीनं, त्याच्या गालावरची धूळ पुसली. त्याला उत्तर कळलं.

मग मी दादाला फोन लावला. “टोकाला पोचले. मिस्त्री माझ्याबरोबर आहे. मी त्याच्याशी लग्न करणार आहे. परवानगी मागत नाहीये दादा, सांगतेय.”

मला वाटलं, आता ओरडेल. मग त्याचा घोगरा आवाज आला –

“उतार आहे ना परतताना? प्रत्येक वळणावर हॉर्न दे.”

“देईन,” मी म्हणाले. डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.