पुन्हा घडवून दाखवता येत नाही

सापगावला इंद्रजीतच्या घरामागच्या पडवीत एक निळे पिंप आहे. नळाला पाणी दिवसाआड येते, म्हणून त्याच्या बायकोने, रश्मीने, ते आग्रहाने घेतले होते. पडवीला लागूनच त्याची कामाची खोली. ठाण्याच्या एका कंपनीचे काम तो तिथूनच करी, आणि ते आटोपले की 'शंकाघर' उघडून बसे.

शंकाघर म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे मराठी संकेतस्थळ. कोणी अडला की तो तिथे आपला प्रश्न मांडतो. ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. मोबदला कोणी मागत नाही. विद्येचा असा निरपेक्ष व्यवहार आजच्या काळात विरळाच. इंद्रजीत तिथला नियमपाल होता. अर्धवट, संदिग्ध किंवा विषय सोडून असलेले प्रश्न बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि तो अधिकार त्याने आजवर निष्ठेने वापरला होता. प्रश्न एकदा बंद झाला की त्याखाली कोणालाही उत्तर लिहिता येत नसे. नियमपालानेच तो पुन्हा उघडला तर गोष्ट वेगळी.

फाल्गुन सरता सरता रविना नावाच्या मुलीचा प्रश्न आला. ती डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातली. शहापुरात संगणकाचे शिक्षण घेऊन घरी परतलेली. पाड्याची विहीर टेकडी उतरून खाली होती. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन उतरत आणि पुष्कळदा नुसता चिखल पाहून परत चढत. म्हणून रविनाने विहिरीच्या आत, खाली उतरूनच हात पोचेल अशा कड्याला एक सेन्सर टांगला होता. तो ध्वनी सोडी, पाण्यावरून प्रतिध्वनी येई, आणि पाणी किती आहे ते तिच्या मोबाइलवर उमटे. पाणी असेल तेव्हाच आता बायका उतरत होत्या.

'पण भर दुपारी,' तिने लिहिले होते, 'विहिरीवर कोणी नसताना पाणी दोन बोटे चढते, घटकाभर तसेच राहते आणि मग उतरते. मी सेन्सर बदलून पाहिला. चुकार नोंदी गाळून सरासरी काढली. तरी तेच. गाळ काढायला माझा भाऊ आत उतरला होता, तेव्हाही पाणी नेमके एवढेच चढले होते. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे?'

खाली तिने सगळा प्रोग्रॅम जोडला होता. इंद्रजीतने तो दोनदा वाचला. स्वच्छ, नेटका, जपून लिहिलेला होता. त्याला त्यात चूक सापडेना. आपल्याला न सुटणारा प्रश्न हळूहळू नियमबाह्य वाटू लागणे, ही नियमपालांची जुनीच व्याधी आहे. त्याने प्रश्नाखाली लिहिले, 'हा प्रोग्रॅमचा प्रश्न नाही. बंद करावा लागेल.'

लगेच प्रशांतचे उत्तर आले. तो मुरबाडच्या एका कॉलेजात शिकवी आणि शंकाघरात इंद्रजीतशी वाद घालण्यात त्याला विशेष गोडी होती.

'अरे, अवघड आहे म्हणून बंद करतोस? मग शंकाघर कशाला, सोपेघर नाव ठेव की!'

'विहिरीत कोण पोहतंय ते शोधणं आपलं काम नाही.'

'तिने एवढं सगळं दिलंय. अजून काय हवं तुला?'

'ते दुसऱ्या कुणाला घडवून दाखवता आलं पाहिजे.'

'दोन दिवस उघडा तर ठेव, नियमपाल महाराज!'

त्या दोघांच्या मध्ये रविनाची एक ओळ आली. 'सर, फक्त एवढे सांगा, चूक प्रोग्रॅममध्ये आहे की सेन्सरमध्ये? प्रोग्रॅम बरोबर असेल तर मला आत उतरून सेन्सर पाहावा लागेल. उद्या दुपारी उतरते.'

इंद्रजीतने ती ओळ वाचली. ती वाचली नव्हती, असे त्याला पुढे स्वतःशीसुद्धा म्हणता आले नाही. पण प्रशांतचे 'महाराज' त्याला लागले होते. प्रश्न बंद करण्याची ठरावीक कारणे पडद्यावर होती, त्यांतले एक त्याने निवडले: 'पुन्हा घडवून दाखवता येत नाही.' आणि प्रश्न बंद केला.

त्या आठवड्याच्या अखेरीस प्रशांतचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"त्या वेळी मी उत्तर लिहीत होतो, इंद्रजीत. बटण दाबलं, तर म्हणे प्रश्न बंद आहे."

"काय लिहिलं होतंस?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे, सेन्सरही बरोबर आहे. म्हणून दुपारी उतरू नकोस."

"म्हणजे काय?"

"मला तरी काय ठाऊक! जे मोजलं जातंय ते तिथे आहे, एवढंच मला दिसत होतं. आज पेपरात तिचं नाव आहे. बुडाली ती. कमरेएवढ्या पाण्यात."

दुसऱ्या दिवशी इंद्रजीत एसटीने डोळखांबला गेला आणि तिथून पायी वर चढला. वाटेवर मोहाची फुले गळून पडली होती. त्यांचा गोड, जड वास उन्हात दाटला होता. पाड्यातली बरीच घरे बंद होती. माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. रविनाचा बाप बारकू ओटीवर बसला होता. इंद्रजीतने आपण शंकाघरातून आलो, एवढेच सांगितले. प्रश्न कोणी बंद केला, ते सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

"तिचा प्रश्न कुनी तरी बंद केलान," बारकू म्हणाला. "लई रडली. बोलली, बाबा, माझाच कायतरी चुकला असंल." त्याने घरातून एक फडके आणले. त्यात सेन्सर गुंडाळलेला होता. "लोक बोलतात, पोर खेळन्याच्या नादानं मेली. तुमी शिकलेले हाव, सायेब. हा बघा नि सांगा, माझी पोर चुकली व्हती का? दुसरा काय नाय मागत."

दारातून तिची आई, जिवली, म्हणाली, "आनि पान्याचा सांगा की त्यांना."

"गप गो."

"का गप? सांगनार मी." ती इंद्रजीतकडे वळली. "तिला वर काढली, दादा, तरी पानी उतरला नाय. चढला तसाच हाय अजून."

परतताना विहीर वाटेतच लागली. इंद्रजीत दुसऱ्या बाजूने गेला.

घरी येऊन त्याने पिंप अर्ध्याच्या थोडे वर भरले, त्यावर आडवी काठी ठेवली आणि काठीला सेन्सर टांगला. रविनाचाच प्रोग्रॅम त्याने चालवला. पडद्यावर पाण्याची रेघ उमटली. रोज दुपारी तो तिच्यासमोर बसे. रेघ जराही हलली नाही. पहिल्या दिवशी त्याला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची पाठोपाठ लाजही वाटली.

मग एखाद्या पोथीसारखा, अक्षर न् अक्षर लावत त्याने तो प्रोग्रॅम वाचला. त्यात दोष नव्हता. सेन्सरही बोटभर फरक अचूक दाखवत होता. उत्तर त्याच्यासमोर होते. प्रश्न उघडायचा आणि लिहायचे, रविना, तुझे बरोबर होते. परंतु तिचे बरोबर असेल, तर मग तिला विहिरीत उतरू देणारा हात कोणाचा? इथवर विचार आला की तो खोलीतून उठून जाई.

एका दुपारी बारकूचाच फोन आला. बाहेर पोरे जयंतीसाठी निळ्या पताका लावत होती आणि कोणी तरी लाउडस्पीकर तपासत होता. इंद्रजीतने खिडकी लावून घेतली.

"सायेब, बघितला का?"

"पाहिला."

"मंग?"

त्याचे लक्ष पडद्याकडे गेले. रेघ सरळ होती. नव्या सेन्सरला गंज चढतो का, असल्या काही तरी निरर्थक विचारात त्याने एक क्षण काढला.

"सेन्सर खराब होता, बारकूकाका. प्रोग्रॅममध्येही थोडी चूक होती."

"म्हंजे पोरच चुकली."

"होय."

मग बारकू म्हणाला, "बरा झाला तुमी सांगितला," आणि फोन बंद झाला.

इंद्रजीतने फोन खाली ठेवला.

पडद्यावरची रेघ चढत होती.

चढत चढत ती वरच्या कडेला टेकली आणि तिथेच थांबली. मागून पाणी सांडल्याचा आवाज आला. पेला कलंडावा तसा नव्हे. भरला हंडा कोणी सावकाश ओतावा तसा.

"अहो!" पडवीतून रश्मी हसत ओरडली. "पिंपात कोण उतरलं होतं की काय? सगळी पडवी भिजवलीत!"

तो दारात आला. रश्मी खराट्याने पाणी बाहेर लोटत होती. ते पायरीवरून उतरून शेवग्याच्या बुंध्याशी साचले होते.

"आज नळाला पाणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुठून ओतलंत?"

"मी नाही ओतलं."

"मग?"

तो पिंपाकडे पाहत होता. त्याने ते अर्ध्याच्या जरा वरच भरले होते.

रश्मीने पाय धुवायला तांब्या उचलला आणि पिंपाकडे हात नेला.

"थांब," तो म्हणाला.

एवढे पाणी वाहून गेले होते, आणि पिंप अजून काठोकाठ भरलेले होते.