उठवाउठवी

शाळा बंद झाली तरी इमारतीची किल्ली बाईंकडेच राहिली. मागायला कोणी आलं नाही आणि बाईंनीही कोणाला आठवण करून दिली नाही. मुलं कमी झाली म्हणून वर्ग दुसऱ्या शाळेत हलवले गेले, बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या, आणि नदीच्या अलीकडची ती बैठी इमारत बराच काळ नुसती उभी राहिली. मग एक दिवस बाईंनी तिथला हॉल झाडून घेतला, खिडक्यांच्या काचा पुसल्या आणि ओळखीच्या चार जणांना निरोप धाडला, "या, जरा हातपाय हलवू."

त्या चारांचे पुढे चांगले डझनभर झाले. दर ऋतू पालटला की आठवडाभर योगाचं शिबिर, हे ठरूनच गेलं. माणसं आपापलं पांघरूण घेऊन यायची, रिकाम्या वर्गांमध्ये झोपायची, सकाळी मागच्या पटांगणात चहा प्यायची आणि मग हॉलमध्ये जमायची. हॉलच्या भिंतीला दप्तरं अडकवायच्या खुंट्या होत्या, त्या मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर. मोठ्यांना पिशवी अडकवायची तर कमरेत वाकावं लागे. "झालं, पहिलं आसन इथंच झालं," बाई म्हणायच्या.

मग दिवस फिरले. पुलापलीकडचा कारखाना बंद पडला, माणसांमध्ये तट पडले, दुकानं ऊन उतरायच्या आत फळ्या लावून घेऊ लागली. पूल कधी उघडा, कधी बंद. कुठून तरी धुराचा वास यायचा आणि कोणी कोणाला विचारायचं नाही. पूर्वी पाठ धरली म्हणून शिबिराला येणारी माणसं आता मन धरलं म्हणून येऊ लागली.

"बाहेर सगळीकडे शॉर्टसर्किट चाललंय, बाई," वायरमन म्हणाला. तो कपाळाला फडका बांधून यायचा आणि प्रत्येक गोष्ट आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचा. "इथं निदान अर्थिंग मिळतं."

"तुझी जीभ तेवढी अर्थ कर आधी," टेलरकाका म्हणाले. टेलरकाका म्हणजे बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानातले. जन्मभर मशीन मारून त्यांचा उजवा गुडघा आखडला होता, पण विनोद अजून सैल होता.

बाईंची शिकवण्याची रीत एकच होती. मुलांना जसं शिकवलं, तसंच मोठ्यांना. घाई नाही, रागावणं नाही, आणि ज्याला जमत नाही त्याच्याजवळ जास्त वेळ बसायचं. दुपारी शेवटी सगळे डोळे मिटून उताणे पडत. त्या आसनाचं खरं नाव बाईंनी मुलांसमोर कधी घेतलं नव्हतं, शव वगैरे शब्द लहान जिवांपुढे कशाला. त्या म्हणायच्या, "आता झोपेचं नाटक." मोठ्यांनाही त्या तेच म्हणायच्या, आणि मोठ्यांना ते फार आवडायचं.

नाटक संपवायचीही त्यांची एक रीत होती. पन्नास मुलं एकदम उठली की हॉलचा मासळीबाजार होतो, म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. बाई पहिल्याच्या पायाचा अंगठा हळूच धरायच्या. त्यानं उठायचं, शेजारच्याचा अंगठा धरायचा, मागं वळून न पाहता आपल्या जागेवर परत यायचं आणि मांडी घालून, डोळे मिटून बसायचं. मग शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. मुलं याला उठवाउठवी म्हणायची. हॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज न होता जागा व्हायचा. बाईंना हे बघणं जगात सर्वांत आवडायचं. त्या एकट्याच डोळे उघडे ठेवून पुढं बसायच्या.

पहिली चूक वायरमनची.

त्या खेपेला बेकरीवाली ताई पोचली नव्हती. बस वाटेतच अडवली होती म्हणे. तिची चटई मात्र आदल्या दिवशीच घातलेली होती, वायरमनच्या पुढं, आणि ती उचलायची राहून गेली. उठवाउठवी सुरू झाली. वायरमन उठला. त्याचे डोळे अर्धे झोपेत होते. तो रिकाम्या चटईजवळ वाकला, जिथं पाय असायला हवे होते तिथं हवेत चिमूट धरली आणि शांतपणे परत येऊन बसला.

बाईंना हसू आलं. आता साखळी तुटली, उठून पुढच्याला आपणच हलवू, म्हणून त्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. तेवढ्यात चटईपलीकडे निजलेल्या टेलरकाकांचा पाय किंचित आक्रसला. ते उठले आणि आपल्या पुढच्याकडे गेले.

काका आपसूक जागे झाले असतील, असं बाई स्वतःला म्हणाल्या.

संध्याकाळी बेकरीवाली ताई आली, ती हसतच. "बस तास न् तास उभी. शेवटी डोळा लागला. आणि झोप तरी कशी, बाई, लहानपणासारखी. मग कोणीतरी अंगठा दाबला. या वायरमनचाच तो चिमटा, सगळ्या जगात असा खडबडीत हात दुसऱ्या कोणाचा नाही. डोळे उघडले तर बस चालू झालेली."

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, सवयीनं पुढच्या सीटवरच्या बाईचा खांदा धरला. अंगठा कुठला सापडायला." सगळे हसले. टेलरकाका म्हणाले, "तरीच आज मला पिठाचा वास आला."

बाई हसल्या, पण शिक्षिकेला गोष्ट पडताळून बघितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी शिबिरातला एक रंगारी आला नव्हता. त्याची चटई बाईंनी मुद्दाम गुंडाळून ठेवली. त्याच्या आधीचा माणूस उठला, मोकळ्या फरशीपाशी आला आणि हात पुढं करून तसाच उभा राहिला, चुकलेल्या मुलासारखा. पलीकडं कोणी हललं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी चटई घातली, आणि साखळी तिच्यावरून अलगद पार झाली. मधे थोडा वेळ गेला, एखाद्या माणसाला उठून वाकायला लागतो तेवढाच.

तेव्हापासून न येणाऱ्यांच्या चटयाही पडू लागल्या. कोणी काही ठरवलं नाही, कोणी त्यावर बोललंही नाही. अडकून पडलेली माणसं पुढं केव्हा तरी भेटत आणि म्हणत, त्या दुपारी बरं वाटलं हो. कोणी बंद घरात, कोणी पोलीस चौकीच्या बाकावर, पण प्रत्येकाला घटकाभर झोप लागलेली असे. बाईंना याचं कारण कळलं नाही. पेरलेला दाणा उगवतो तो तरी कुठं कळून उगवतो, असं म्हणून त्यांनी ते मनाच्या एका कप्प्यात नीट ठेवून दिलं. माणसं सुखात होती, तेवढं पुरे होतं.

थंडी सरतानाच्या शिबिराला माऊ आली नाही.

माऊ म्हणजे बाईंची एकुलती लेक. पुलापलीकडच्या रुग्णालयात ती नर्स होती आणि तिनं आजवर एकही शिबिर चुकवलं नव्हतं. गेल्या काही शिबिरांपासून वायरमन आणि टेलरकाका यांच्या मधली खिडकीखालची जागा तिची. यंदा शिबिराच्या आदल्या सकाळी पूल बंद झाला. फोनही गेले. पलीकडं रुग्णालयाच्या बाजूनं धूर दिसला, असं दूधवाला सांगून गेला. मग दूधवालाही येईना.

पहिल्या दिवशी बाईंनी माऊची चटई घातली नाही. वायरमनला आणि टेलरकाकांना जवळजवळ घेतलं.

"बाई, माऊची जागा?" वायरमननं विचारलं.

"चटई ओली आहे," बाई म्हणाल्या.

टेलरकाकांनी खिडकीबाहेरच्या दोरीकडे पाहिलं. दोरीवर काहीच नव्हतं. जेवताना ते बाईंच्या शेजारी येऊन बसले.

"मुलं गणित का टाळतात ठाऊक आहे का बाई?" ते हळूच म्हणाले. "उत्तर चुकेल म्हणून."

"मी टाळत नाही," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ ताटातला बटाटा चमच्यानं मोडत राहिल्या. "आजवर एकाही चटईवर साखळी थांबलेली नाही, काका. तिच्या चटईवर थांबली तर?"

"तर आम्ही आहोत," टेलरकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी माऊची चटई आणली. चारी कोपरे हातानं सपाट केले, पाळण्यातलं दुपटं करावं तसे. ऊन खिडकीतून तिरपं तिच्यावर पडलं. सगळे निजले. श्वास लांबले. बाहेर कुठं तरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

बाईंनी पहिला अंगठा धरला.

साखळी निघाली. बेकरीवाली ताई उठली, बसली. रंगारी उठला, बसला. एकेक चेहरा पाण्यातून वर यावा तसा जागा होत होता.

वायरमन उठला. खिडकीखाली वाकला. उन्हात त्याची चिमूट मिटली.

तो परत येऊन बसला.

बाई चटईकडे बघत राहिल्या. एखाद्या माणसाला उठून वाकायला लागतो तेवढा वेळ गेला.

टेलरकाका हलले नाहीत.

आणखी वेळ गेला. उन्हातले धुळीचे कण वर-खाली होत होते.

माऊ दोनदा उठून आली असती, इतका वेळ गेला.

टेलरकाकांचा पाय आक्रसला.

ते उठले, पुढच्याकडे गेले, परत येऊन बसले. साखळी हॉलच्या टोकापर्यंत पोचली. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि अगदी आवाज न करता रडून घेतलं. त्या दुपारी त्यांना जेवढं सुख झालं, तेवढं माऊ जन्मली तेव्हाही झालं नसेल.

चहाच्या वेळी टेलरकाका म्हणाले, "माऊ खुशाल आहे, बाई. पण तिला हातमोजे विणा. फार गार हात."

"गार?"

"पण वाईट नाही हो. तापात आई कपाळावर हात ठेवते ना, तसा गार. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं."

शिबिर संपायच्या दिवशी पूल उघडला आणि माऊ चालत आली. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, पण धडधाकट. वायरमननं तिची पिशवी घेतली आणि चटकन पाठ वळवून तोंड पुसलं. बेकरीवाल्या ताईनं तिला समोर बसवून खाऊ घातलं. धूर रुग्णालयाच्या मागच्या गोदामाचा होता, माणसं सगळी वाचली होती.

सगळे पांगल्यावर मायलेकी हॉलच्या पायरीवर चहा घेऊन बसल्या. ऊन उबदार होतं.

"आई, पूल बंद असताना एका दुपारी मला जरा झोप लागली," माऊ म्हणाली.

"ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच तुला." माऊ हसली. "तीन दिवस पाठ टेकली नव्हती. वॉर्डमध्ये एक घड्याळजी आजोबा होते. ते सकाळीच गेले. रस्ते बंद, त्यांची माणसं येऊ शकेनात. मी त्यांच्यावर चादर घातली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर घटकाभर आडवी झाले. मग वायरमनदादाचा चिमटा."

बाईंनी कप खाली ठेवला.

"मी उठले. डोळे पुरते उघडलेही नव्हते. हॉलमध्येच आहे असं वाटलं गं. शेजारच्याचा अंगठा धरला, परत आले, मांडी घालून बसले. मागं वळून बघायचं नाही ना, म्हणून बघितलं नाही. मग कोणीतरी हाक मारली, तेव्हा कळलं कुठं आहे ते, आणि मी तशीच कामाला पळाले."

"मग?"

"संध्याकाळी त्यांची माणसं आली. आजोबा खाटेवर बसलेले होते. मांडी घालून, डोळे मिटून. वॉर्डबॉयवर केवढा ओरडा पडला, कोणी बसवलं म्हणून. तो बिचारा शपथा घेतोय. पण मुलगा म्हणाला, असू दे. बाबांना आयुष्यात असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं."

एक चिमणी पायरीवर उतरली, दाणा टिपून गेली. माऊनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचे डोळे मिटायला लागले होते.

"माझ्या पुढं कोण होतं गं, आई? टेलरकाकाच ना?"

"हो."

"बरे आहेत ना ते?"

"मजेत आहेत. छान झोप लागते म्हणतात."

"मग ठीक आहे," माऊ झोपाळू आवाजात म्हणाली. "आजोबांना परत आडवं करताना मी त्यांचे हात सरळ केले. अंग सगळं थंडगार होतं. उजव्या हाताची चिमूट तेवढी गरम होती."