गळती आणि झरा

निंबेघरच्या धरणाला भेग पडली तरी आता कुणी धावत जात नसे. उन्हानं मातीचा बांध तडकायचा, पावसाळ्यात त्या तड्यातून पाणी पाझरायला लागायचं आणि दोन-चार दिवसांत तिथं पांढुरकी खपली धरायची. खरवडायला गेलं तर नख तुटावं इतकी घट्ट. गावातले लोक म्हणत, जखम भरली.

धरण तसं लहानच. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा बांध. वर्षातले बरेच महिने ते कोरडंच असे. त्याचं काम एकच: वरून लोंढा आला की अडवायचा आणि तळाच्या नळातून बेताबेतानं खाली सोडायचा. आधीचं धरण असंच होतं, पण त्यातली माती नुसती माती होती. पाण्याला तिच्यात सुईएवढी वाट सापडली, वाटेची घळ झाली आणि बांध आतून पोखरून एका सकाळी बसला. त्या लोंढ्यात वत्सला खरमाळेंचा नवरा दत्तोबा आणि मुलगा अभय घरासकट गेले. वत्सलाबाई त्या दिवशी लेक रोहिणीच्या बाळंतपणासाठी ओढ्याच्या खालच्या अंगाला, कासारपट्टीला होत्या. कासारपट्टी उंचावर असल्यानं वाचली.

वत्सलाबाई रडल्या नाहीत. बाया बरेच दिवस त्यांच्याजवळ बसून राहिल्या, वाट बघून उठून गेल्या. मग वत्सलाबाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, नवं धरण आणलं आणि गावानं त्यांना सरपंच केलं.

या नव्या धरणाच्या मातीत सांधजीव कालवले होते. सांधजीव म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. कोरड्या मातीत ते निजून असत. पाणी वाहायला लागलं की जागे होत, मातीत मिसळलेला युरिया खात आणि पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा खडू करत. तो खडू मातीचे कण एकमेकांना चिकटवी आणि वाट बुजे. वाट बुजली, पाणी थांबलं, की जंतू पुन्हा निजत. धरण स्वतःची डागडुजी स्वतः करी.

मग गावातल्या विहिरी आटू लागल्या.

वत्सलाबाईंचे दीर भानुदास गाळ काढायला विहिरीत उतरले. झऱ्याच्या तोंडावर पहार मारली तर ती खणकन उडाली. वर आले तेव्हा त्यांच्या हातात पांढरी खपली होती. "वहिनी, हे तर बांधावरचं," ते म्हणाले. वत्सलाबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि शहरात फोन लावला.

ज्यांनी सांधजीव घडवले त्या डॉ. शाहीन मुजावर स्वतः आल्या. विहिरी हिंडल्या, माती नेली आणि पुन्हा आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. ग्रामपंचायतीत वत्सलाबाईंसमोर बसल्या.

"आमचा हिशोब असा होता," त्या म्हणाल्या, "की युरिया फक्त बांधात आहे. बाहेर पडले तर उपाशी मरतील."

"आणि आमच्या शेतातला युरिया?"

"तो पावसानं जमिनीत मुरतो. त्यावरच ते जगले. सरपंचबाई, त्यांना गळती आणि झरा यांतला फरक कळत नाही. पाणी वाहतंय एवढंच कळतं."

"मग मारा त्यांना."

"मारक तयार आहे. पण जमिनीखालचं पाणी एकच आहे, तो बांधातही शिरणार. हे धरण सांधजीवांच्या भरवशावर बांधलंय. ते मेले की पुढच्या भेगा कोण भरणार? पावसाळ्याआधी बांध मधोमध कापून ओढा मोकळा करावा लागेल."

"म्हणजे पूर येणार."

"येणार."

"आणि आमच्या विहिरी?"

"खडू तसाच राहतो. तुमचे झरे गेले ते गेलेच. वाचतील त्या ओढ्याच्या खालच्या गावांच्या. कासारपट्टी, मग त्याखालची. नाही मारले तर एकेक करून सगळ्यांच्या जातील. पण धरण ज्या गावासाठी बांधलं त्याची संमती लागते. नियमच आहे तसा."

वत्सलाबाईंनी मान हलवली. चहा आला होता तो त्यांनी शाहीनकडे सरकवला.

ग्रामसभा देवळासमोर भरली. शाहीननी सगळं पुन्हा सांगितलं, काही न लपवता. कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारी म्हणाली, "पाणी टँकरनं आणता येतं. माणसं कशानं आणायची?" भानुदास उठले. "वहिनी, कासारपट्टीत आपली रोहिणी दिलीय," एवढंच बोलून बसले.

"धरण ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाला.

हात वर गेले. आधी पुढच्या बायांचे, मग पुरुषांचे, मग जवळजवळ सगळ्यांचे. भानुदासांचा नव्हता, ते जमिनीकडे बघत होते. वत्सलाबाईंना रोहिणी आठवली, तिच्या परसातली विहीर आठवली. पण त्या आठवणीमागून काही येईना. काही तरी वाटेल म्हणून त्या थांबल्या होत्या. मग ग्रामसेवक आपल्याकडे बघून मोजतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचाही हात वरच होता.

शाहीन गाडीत बसताना म्हणाल्या, "खालच्या गावांना मलाच सांगावं लागेल. उद्यापासून जाते."

"जा," वत्सलाबाई म्हणाल्या.

त्या घरी आल्या, भाकरी थापायला बसल्या. तवा तापत असतानाच रोहिणीचा फोन आला.

"आई, आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय गं. मोटर नुसती हवा ओढतेय. उन्हामुळंच असेल ना?"

"असेल."

"तू अशी काय बोलतेस? बरं नाही का?"

"बरी आहे." वत्सलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "पोरांना घेऊन इकडंच ये राहायला. आता भीती नाही. धरण पक्कं आहे."

"आणि पाणी?"

"टँकर येतो," वत्सलाबाई म्हणाल्या.