तेरावा कागद

भिंतीत खिळा ठोकायच्या आधी कागद लावायचा, हा सजावटवालीचा नियम. जेवढी फ्रेम तेवढाच खाकी कागद कापायचा, त्यावर फोटोचा क्रमांक लिहायचा, खिळा येणार तिथे फुली मारायची, तो चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा आणि आठ दिवस त्या कागदांबरोबर राहून बघायचं. डोळ्यांना खुपलं तर कागद सरकवता येतो, खिळ्याचं भोक सरकवता येत नाही.

मोजणीबाईंना हा नियम ऐकताक्षणी आवडला. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात काढली होती. चादरी, कात्र्या, थर्मामीटर, सगळं नग मोजून आत आणि नग मोजून बाहेर. 'मोजणीबाई' हे नाव तिथल्याच लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. कानावर आलं तेव्हा राग येण्याऐवजी त्यांना बरंच वाटलं. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. पाहुणे गेले की त्या चमचे मोजत. पाहुण्यांना हे ठाऊक होतं आणि त्यातले काही मुद्दाम एखादा चमचा सोफ्याच्या गादीखाली सरकवून जात.

घर सजवायची हौस मात्र त्यांना कधीच नव्हती. भिंती आहेत तर त्या पुसाव्यात, एवढाच त्यांचा भिंतींशी संबंध. पण वर्षभरापासून यजमानांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग पेपरातली बातमी, मग कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी बायकोला मोठ्या अदबीने विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" चाळीस वर्षं ज्या माणसाने 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नव्हती, तो अहो-जाहो करू लागला. मोजणीबाई आत जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गोष्टी नजरेसमोर ठेवा. म्हणून कपाटावरची पेटी खाली आली, फोटो निघाले आणि सजावटवालीला बोलावणं गेलं. बाईंना सुंदर भिंत नको होती. त्यांना एक 'अगं' परत हवं होतं.

सजावटवाली पोरगी वयाने लहान, पण नजर तयार. आल्याबरोबर ती यजमानांच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिथून भिंतीकडे बघत राहिली. फोटो उभ्या माणसाच्या नजरेला लावायची पद्धत आहे, पण इथे बघणारे काका, आणि काका दिवसभर बसलेले. तेव्हा सगळं हातभर खाली घ्यायचं, असं तिने ठरवलं. डावीकडून खिडकीचं ऊन येतं म्हणून चमक न मारणारी काच. भिंतीला फिकट रंग, फ्रेमला गडद लाकूड आणि फोटोभोवती रुंद पांढरी कड, म्हणजे चेहरा उठून दिसेल. मोजणीबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून टेप काढून दिली. लांब पट्ट्याची ती कापडी पिशवी नोकरीपासूनची. घरातसुद्धा खांद्यावरून उतरत नसे. काकू झोपताना तरी काढता का, असं पोरीने विचारून घेतलं.

फोटो बारा निवडले. नदीचा काठ, शाळेचं पटांगण, गच्ची, मुलाची पहिली सायकल. सगळे उघड्यावरचे, उन्हातले, आणि प्रत्येकात तिघंही: यजमान, मुलगा आणि त्या स्वतः. दोघींनी मिळून बारा कागद कापले, बारा क्रमांक घातले, बारा फुल्या मारल्या. मोजणीबाईंनी दोनदा मोजले.

पाचव्या दिवशी भिंतीवर तेरा होते.

तेरावा बाकीच्यांत नव्हता. तो वर होता, हातभर वर, उभ्या माणसाच्या नजरेला. भिंत पुसायला बाई गेल्या तेव्हा तो बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आला. क्रमांक नव्हता, फुली होती. त्यांनी सजावटवालीला फोन केला. ती म्हणाली, काकू, कापताना तुमच्याकडून एक जास्त झाला असेल. मोजणीबाईंकडून एक जास्त! असं बोलायची हिंमत एकतीस वर्षांत कोणाची झाली नव्हती. त्यांनी कागद काढला, चार घड्या घालून पिशवीत टाकला आणि यजमानांवर संशय घेतला. मग त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाचं बटण लावायला त्यांना हल्ली मदत लागायची. त्यांच्या हातून चिकटपट्टीचं टोकसुद्धा सुटलं नसतं.

सातव्या दिवशी कागद पुन्हा भिंतीवर होता. चार घड्यांच्या रेघांसकट.

बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो तसाच राहू दिला. नाही म्हटलं तरी त्यांना थोडी लाज वाटत होती. आपलंही विसरणं सुरू झालं की काय, हे दुसऱ्या कोणाला कळायला नको होतं.

आठव्या दिवशी बारा फ्रेमा लागल्या. यजमान खुर्चीत सरसावून बसले आणि कधी नव्हे ते बोलायला लागले. हा पोरगा. ही त्याची सायकल, हिची चेन सारखी पडायची. हा मी, केस होते तेव्हाचा. मग त्यांचं बोट गच्चीवरच्या फोटोत बाईवर टेकलं.

"ही माझी बायको."

 मोजणीबाई खुर्चीजवळ खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "आणि मी कोण?"

यजमानांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. नजरेत ओळख होती, अगदी स्वच्छ ओळख.

"तुम्हीच ना हे फोटो काढलेत?" ते म्हणाले. "फार छान काढलेत हं."

दुपारभर बाई या वाक्याशी झगडत राहिल्या. आजारी माणसाचं बोलणं, सोडून द्यावं. पण हिशेबात एक खोट निघाली होती आणि ती त्यांना स्वस्थ बसू देईना. घरात माणसं तीन. बाराही फोटोंत माणसं तीन. कॅमेऱ्याला आपोआप टिपायची सोय नव्हती. तो कोणा वाटसरूच्या हाती दिल्याचं त्यांना एकदाही आठवेना.

मग काढले कोणी?

त्यांनी भिंग आणलं आणि वाकून एकेक फोटो पाहिला. पहिल्यात, खालच्या कडेला, गवतावर एक सावली पडली होती. एक कोपर वर उचललेलं. खांद्यावरून खाली लोंबणारा पट्टा, पट्ट्याच्या टोकाला पिशवी.

दुसऱ्यात तीच. तिसऱ्यातही. नग बारा.

फोटोतल्या बाईच्या खांद्यावर पिशवी नव्हती. एकाही फोटोत नव्हती.

त्यांनी मुलाला फोन लावला. तो दूरच्या शहरात, कायम घाईत. लहानपणीचे फोटो कोण काढायचं रे, एवढंच त्यांनी सहज म्हणून विचारलं.

"असं काय विचारतेस आई? तूच काढायचीस. म्हणून तर तुझा एकही फोटो नाही आपल्याकडे."

बाईंनी गच्चीवरचा फोटो मोबाइलवर टिपून त्याला पाठवला. 

"ही तूच आहेस," तो म्हणाला.

"मग हा काढला कोणी?"

"तूच." मग कोणीतरी हाक मारतंय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पोरगा हिशेबात पहिल्यापासून कच्चा होता. पण इतका नव्हता.

यजमान बाईंना ओळखत नाहीत, यावर तोड सजावटवालीनेच काढली. तेरावी जागा आहेच तर आजचा एक फोटो तिथे लावू, काका आणि काकू शेजारी शेजारी. वरचा आजचा चेहरा आणि खालचा जुना, काका दोन्ही जुळवतील. मोजणीबाईंना हे एकदम पटलं. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी केस विंचरले. कधी नव्हे ती पिशवीही काढून खुंटीला अडकवली. दुपारचे चार वाजले होते. त्या यजमानांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. स्टूल उन्हाने तापलं होतं, ते त्यांना नीट आठवतं. पोरीने मोबाइल वर धरला. यजमानांनी त्यांचा हात हातात घेतला, हेही आठवतं.

दोन दिवसांनी ती फ्रेम घेऊन आली. स्टुलावर चढली, फुलीवर खिळा ठोकला, फोटो लावला आणि मागे सरकून बघत राहिली.

"सुरेख आलाय हो ताई. तुमचा हात अजून स्थिर आहे."

मोजणीबाईंना आधी ते 'ताई' खटकलं. आजवर ती काकू म्हणत होती.

मग त्यांनी फोटो पाहिला. खुर्चीत यजमान. शेजारी स्टुलावर एक बाई, केस नुकते विंचरलेले, हात यजमानांच्या हातात. आणि दोघांच्या पायाशी, फरशीवरच्या उन्हात, वर उचललेलं एक कोपर.

"मी बसले होते ना तिथे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठे बसलात? मी धरला होता मोबाइल, तर तुम्हीच मागून घेतलात. म्हणालात, दे इकडे, मला सवय आहे." पोरगी हसली. मग हसायची थांबली. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

बाईंचा हात खांद्याकडे गेला. पट्टा खांद्यावरच होता. खुंटी रिकामी होती.

त्या भिंतीजवळून वळल्या. यजमान खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा इतका उजळलेला त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता. त्यांचे ओठ हलले, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो शब्द आला.

"अगं."

मोजणीबाई एक पाऊल पुढे झाल्या.

"अगं, ऐकलंस का? या निघाल्या बघ. यांना चहा तरी दे."

ते स्वयंपाकघराकडे बघत होते.

आत कपबशी वाजली. मग दुसरी, तिसरी, चौथी. मोजल्यासारखी, एकेक.

"आले," आतून आवाज आला.