गुरुवारचा पेशंट

डॉ. चंद्रकुमार रहांगडाले यांच्या तासाला गोंदियातल्या त्या मेडिकल कॉलेजात बसायला जागा मिळत नसे, आणि याचं श्रेय वैद्यकशास्त्राला मुळीच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना पेशंटशी माणसासारखं कसं बोलावं हे शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. बाकीचे मास्तर असले विषय फळ्यावर मुद्दे लिहून उरकतात. सर मात्र तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांतून तोंडाला रंग लावून गावोगाव फिरलेले. ती खोड काही गेली नव्हती. वर्गात ते लोखंडी खाट ठेवत, डोक्याला दुपट्टा गुंडाळत आणि स्वतःच पेशंट होऊन आडवे पडत. नियम एकच. पेशंट विचारलेलंच सांगणार, न विचारलेलं एक अक्षर नाही.

त्या गुरुवारी दुपारी त्यांनी पोट दुखणारा म्हातारा शेतकरी व्हायचं ठरवलं होतं. रोज मोहाची दारू घेतो, हे लपवणारा.

आधी एक पोरगा आला आणि उभ्यानंच "क्या तकलीफ है?" म्हणून मोकळा झाला. त्याची रीतसर खरडपट्टी निघाली. मग सालेकशाची रिंकी पटले आली. ती स्टूल ओढून बसली.

"बाबाजी, नाव काय तुमचं?"

"भैय्यालाल." नाव सरांनी ठरवलेलं नव्हतं, पण ओठांवर तयारच होतं.

"गाव?"

"सौंदड. टेसनाच्या बाहेर च्याचं दुकान हाये."

शेतकऱ्याचा चहावाला कधी झाला, याची सरांनाच गंमत वाटली. चालायचंच, रंगात आलेल्या नटाला काहीही सुचतं.

"कुठं दुखते?"

पोट म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. "दुखत काई नाई," ते म्हणाले. "उजवा हात हालत नाई."

आणि हात खरंच हलेना. खांद्यापासून खाली तो भिजलेल्या पोत्यासारखा जड झाला होता. तोंड डावीकडे ओढलं गेलं तशा मागच्या बाकावरून टाळ्या आल्या. सरांना टाळ्या आवडत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण टाळ्यांतही त्यांच्या नाकात एक वास शिरत होता. तापवून तापवून करपलेल्या दुधाचा. वर्गात तर चहाचा कपसुद्धा नव्हता.

"जेवता ना बाबाजी?"

"दूध देऊन राहिले दिवसभर. हे दुखनं आलं तवापासून दुधाचा वास सडल्यावानी येते. म्हनून तोंड मिटतो, तं म्हनतेत याले गिळताच येत नाई. उद्या नागपूरले नेऊन पोटाले भोक पाडतेत, नळी टाकाले."

"मग घरच्यांना सांगत काऊन नाही?"

"मले बोलता येत नाई नं, बाई."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंत ठोकली. रिंकी तेवढी हसली नाही.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"कढी द्या थोडी. अन् नागपूरले नेऊ नोका."

तास संपला आणि हात सुटला. हात अवघडला असणार, सरांनी स्वतःला समजावलं. संवाद तर नाटकवाल्याला सुचतातच. रात्री ते पोटभर जेवले आणि गाढ झोपलेही.

सकाळी रिंकी त्यांच्या खोलीबाहेर उभी होती. चेहरा उतरलेला.

"सर, मी उगाच बघायला गेली होती. मेडिसिनच्या वार्डात एक भैय्यालाल आहेत. सौंदडचे. खाली ॲम्ब्युलन्स लागली आहे."

सर जवळजवळ धावलेच. खिडकीजवळच्या खाटेवर एक वाळका म्हातारा तोंड घट्ट मिटून छताकडे बघत होता. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. बायको गोमती दुधाची वाटी घेऊन विनवत होती. मुलगा टिकेश सामान बांधत होता; ऑपरेशनला होकार देऊन तो मोकळा झाला होता. वार्डात करपलेल्या दुधाचा वास होता.

"जरा थांबा," सर म्हणाले आणि स्टुलावर बसले. आयुष्यात इतकं भिऊन ते कुठल्या पेशंटजवळ बसले नव्हते. "भैय्यालालजी, मी विचारतो. हो असेल तर माझा हात दाबा. दूध नको?"

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं असा दाबला की सरांची अंगठी बोटात रुतली.

"नळी नको?"

पुन्हा तसाच.

"कढी चालेल?"

हात दाबून म्हाताऱ्यानं वर चक्क तोंड उघडून दाखवलं. गोमती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

त्याला नीट बसवून सरांनी आधी चमच्यानं पाणी पाजून पाहिलं. ठसका लागला नाही. मग कॅन्टीनची कढी आली. हळूहळू, पण अख्खी वाटी संपली. ॲम्ब्युलन्स रिकामी गेली.

"सर, तुमाले कसं समजलं?" टिकेशनं विचारलं.

"विचारलं ना मी," सर म्हणाले. म्हातारा त्यांच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसासारखा बघत होता. सरांना फार आनंद झाला होता, त्याच्या डोळ्यांत मात्र बघवत नव्हतं.

आठवड्याभरात भैय्यालाल घरी गेला. राउंडला जाता-येता त्याचं नाव कानावर पडलं असेल, दुधाची वाटी दिसली असेल, असं सरांनी ठरवून टाकलं. तरी पुढच्या गुरुवारी त्यांनी काळजी घेतली. सोपी केस. क्रिकेट खेळताना पाय मुरगळलेला कॉलेजकुमार, नाव ओमेश. जिना चढताना ते नाव त्यांनी घोकलं.

पोरं त्या दिवशी खालच्या मजल्यावरून, प्रेतं चिरून शिकायच्या डिसेक्शन हॉलमधून थेट वर आली होती. फॉर्मॅलिनचा वास वर्गभर पसरला. "अत्तर लावून आलात का रे?" सरांनी चिडवलं आणि मजेत खाटेवर आडवे झाले.

रिंकीनं स्टूल ओढलं. "नाव?"

"मंगली."

हास्याचा स्फोट झाला. मिशीवाल्या सरांचा आवाज बाईचा निघाला होता, बारीक आणि दमलेला.

"गाव?"

"नवेगाव बांध."

सरांच्या पाठीखाली गादी होती, तरी पाठ गारठत चालली होती.

कुठं दुखतं, हे रिंकीनं विचारलं नाही. ती पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "कोन्त्या वार्डात आहा तुमी, मंगलीबाई?"

"वार्ड नाई, पोरी. खाली आहो. मोठ्या टेबलावर. मले कोनी इचारलं नाई."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर एकानं आपले तळहात नाकाशी नेले.

"आता माह्याजवळूनच तं उठून आले तुमी सगळे."