पहिल्या ओळीतलं श्री

सुरतेतल्या उधन्याच्या वाचनालयात पंखा गरगरत होता, तरी हर्षदाचे तळहात घामेजले होते. समोर मामांचा जुना लॅपटॉप आणि पडद्यावर लाल अक्षरं. नोकरीसाठी संध्याकाळच्या आत कंपनीला चालता प्रोग्राम पाठवायचा होता. जमलं, तर मुलाखत होईपर्यंत बाबा पाहुण्यांना थोपवणार होते. नाही जमलं, तर रविवारी शहाद्याची मंडळी तिला बघायला येणार... तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"काय जयं?"

घरातली अहिराणी, इथं? ती दचकली. रोज खिडकीशी बसणारा मुलगा समोर उभा होता. "मी भूपेंद्र. रडकुंडीला आलात म्हणून विचारलं."

"चालतच नाही हो," ती पुटपुटली.

"कंपायलर टाकलाय?"

"एडिटर टाकलाय ना..."

"एडिटरमध्ये नुसतं लिहायचं. चालवणारा वेगळा. तो आणायचा, आणि कुठे ठेवलाय ते एडिटरला सांगायचं. नाहीतर बिचारा शोधत बसतो." तो हळूच हसला. "जसं मी तुमचं नाव."

हर्षदाचे कान तापले. कुणी ओळखीचं बघत तर नाही ना?

"हर्षदा," तरी ती म्हणालीच.

कंपायलर आला, एडिटरला पत्ता देऊन झाला. तिनं बटण दाबलं — पुन्हा लाल! चूक पहिल्याच ओळीत. तिथं तिनं लहानपणापासूनच्या सवयीनं लिहिलं होतं, ॥ श्री ॥.

तो खोडायला गेला.

"नको," तिचा आवाज कापला. "आज तरी नको."

तो थांबला. मग त्यानं श्रीच्या आधी दोन तिरप्या रेघा ओढल्या. "आता ही ओळ यंत्र वाचणार नाही."

"मग कोण वाचणार?"

"ज्याच्यासाठी लिहिलीत, तो."

प्रोग्राम चालला. पाठवला. पोच आली, तरी ती पुन्हा पुन्हा तीच उघडून बघत होती.

"आता कसली भीती?"

"मुलाखतीपर्यंत बाबा थांबतील," ती खाली बघत म्हणाली. "पण पाहुणे कधीतरी येणारच..."

भूपेंद्र टेबलाची कड नखानं कोरू लागला. "आमची आई आली तर? शनिवारी — तुमच्याकडे."

त्याचाही आवाज कापत होता.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"वाटते. तुम्ही नाही म्हणाल याची."

हर्षदानं लॅपटॉप पिशवीत घातला, ओढणी सावरली, दारापर्यंत गेली... आणि वळली.

"शनिवारी माझा उपास असतो. पण आईंना सांगा, चहा मी बरा करते."