केरबादादांचा फ्यूज

बसा पावणं, चहा येतोय. तवर सांगते.

शाहूपुरीतल्या एका जुन्या व्यापारी इमारतीचं वायरिंग बदलायचं काम माझ्याकडं आलं. पहिलं वायरिंग माझ्या वडलांनी, केरबादादांनी केलतं. त्यांना जाऊन लई वर्षं झाली. पर भिंतीवरची त्यांची वायरीची सागवानी पट्टी काढताना जीव जड व्हायचा बघा.

दादांची एक सवय. कामाआधी मेन बोर्डाचा चिनीमातीचा फ्यूज उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा, म्हणजे दुसरं कुणी करंट सोडायला नको. काम झालं की विचारायचे, "हात भाईर काय?" आतनं "भाईर" असं आल्याबिगर फ्यूज लावायचे न्हाईत.

नव्या पॅनेलात फ्यूज नसतोय, नुसता खटका. जुना बोर्ड फ्यूजसकट भंगारात गेला. एका दुपारी खटका पाडून मी वर गेलते. खाली मागच्या गाळ्यात माझा नवरा ज्ञानू उघड्या वायरी पिळत होता. आणि एकदम जिन्यातला दिवा लागला. कुणीतरी पाण्याच्या मोटरीसाठी खटका वर केलता.

मी "ज्ञानू... हात काढ..." म्हणत खाली पळत आले. सगळीकडं पंखे गरगरत होते. ज्ञानूचे दोन्ही हात वायरीतच.

"काय झालं गं?" तो म्हणाला.

टेस्टर लावला. त्या वायरीत करंटच न्हाय. घाम पुसायला त्यानं खिशातनं रुमाल ओढला, तर संगट चिनीमातीचा फ्यूज आला. ऊन होता. दादांच्या तंबाखूचा वास येत होता.

"मी न्हाय ठेवला..." ज्ञानू पुटपुटला.

मला रडूच कोसळलं. "दादा, हात भाईर हाय," म्हटलं. गाळ्यातला दिवा लागला.

परवा काम संपलं. सगळी इमारत उजळली, तेवढा मागचा गाळा न्हाय. ज्ञानूचे हात मी माझ्या हातात धरले. "दादा, दोघांचेबी हात भाईर हायत की..."

अंधारच. भिंतीला कान लावला. आत कुणीतरी सावकाश वायर पिळत होतं.

"दादा... तुमचा हात?"

आवाज थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला.

मालक म्हणतोय, दुसरा वायरमन आणतो. आणू दे. आत आपलं माणूस असताना करंट कसा सोडू द्यायचा? फ्यूज मी माझ्याच खिशात ठेवलाय.

हा बघा. हात लावा की. अजून ऊन हाय.